झाकायचं ते उघडं, उघडायचं ते झाकलेलं

माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, पुण्यात दांडेकर पुलाच्या अलीकडे. दिवसभर आधार, पॅन, उत्पन्नाचा दाखला, अॅडमिशनचे फॉर्म आणि मधे मधे पोलीस व्हेरिफिकेशन. आता सिक्युरिटी गार्ड म्हणा, डिलिव्हरी म्हणा, हिंजवडीला हाउसकीपिंग म्हणा, सगळीकडं चारित्र्याचा दाखला मागतात, त्यामुळे ही गर्दी वाढलीये. मागच्या महिन्यात आमच्याच भागातला एक पोरगा आला, वीस एकवीसचा, सगळं नीट भरत आलो आणि एका रकान्यापाशी तो गप्प झाला. यापूर्वी आपल्यावर गुन्हा दाखल झाला आहे काय. हो किंवा नाही. मागं तीन जण लायनीत उभे, त्यातली एक बाई त्याच्याच गल्लीतली. तो अगदी हळू म्हणाला, काका, ह्यात काय टाकू?

तो का विचारतोय हे मला माहीत होतं, मागच्या बाईलाही माहीत होतं, अख्ख्या वस्तीला माहीत आहे. आणि कायद्याप्रमाणं हे आम्हा कुणालाच माहीत असायला नको होतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. हा तेव्हा सोळा पूर्ण, सतरावं लागलेलं, दहावीला एक विषय राहिलेला, दिवसभर कट्ट्यावर. बरोबरच्या दोघांनी, त्यातला एक एकोणीसचा, कुणाच्या तरी दोन अॅक्टिवा उचलल्या आणि हा मागं बसून फिरला, एकदा तर त्याच गाडीवर मंडईतनं आईसाठी भाजी पण घेऊन आला. तिघं पकडले गेले. आता अठराच्या आतलं पोरगं असेल आणि मामला किरकोळ असेल तर पोलीस साधी डायरीत नोंद करतात, एफआयआर नाही, पण जोडीला मोठा माणूस असेल तर एफआयआर होतो, तसा तो झाला. आणि दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतोय तोवर तो फोटो माझ्या फोनवर चार ग्रुपांत येऊन पडला होता. गाड्या पुढं, तिघं मागं खाली बसवलेले, बाजूला साहेब लोक उभे. तिघांचे चेहरे धूसर केलेले, म्हणजे कायदा पाळला म्हणायचं. पण ह्याच्या अंगात आमच्या मंडळाचा टीशर्ट, मागच्या गणपतीतला, छातीवर मंडळाचं नाव भगव्या अक्षरात हे एवढं मोठं, आणि ते टीशर्ट त्या वर्षी मोजून चाळीस काढले होते, पोरांपैकी फक्त ढोल वाजवणाऱ्यांना मिळालेले. आता चेहरा दिसायची गरज होती का?

खाली मजकुरात मात्र एकदम शुद्ध भाषा, 'एक विधिसंघर्षग्रस्त बालक ताब्यात'. हा शब्द सरकारी आहे, आरोपी म्हणू नये, गुन्हेगार म्हणू नये, पोराला कायमचा डाग लागेल असा शब्द वापरू नये म्हणून काढलाय, हेतू चांगलाच आहे. आमच्या ग्रुपवर त्या शब्दावर तीन हसण्याचे इमोजी आले आणि मग कुणीतरी लिहिलं, 'अरे हा तर अमक्या बाईंचा धाकटा.' संपलं.

२०१५ चा बाल न्याय कायदा आहे, १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेला, त्याचं कलम ७४ सांगतं की अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ज्यावरनं तो ओळखू येईल असं काहीही कुठल्याही माध्यमात द्यायचं नाही. दिलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'काहीही' ह्या शब्दात टीशर्ट बसतो, गल्लीचं नाव बसतं, अमक्या बाईंचा धाकटा हे तर बसतंच बसतं. त्याच कलमात पुढं असंही आहे की केस निकाली निघाली की चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी ते रेकॉर्ड उघड करायचं नाही. आणि कलम २४ म्हणतं की असल्या केसमुळं मुलाला पुढं आयुष्यात कुठलीही अपात्रता लागत नाही, फार गंभीर गुन्ह्यांचा अपवाद सोडला तर रेकॉर्डही ठरावीक काळानं नष्ट करायचं. २०१९ साली सीआयएसएफ ह्या केंद्राच्या सुरक्षा दलाच्या भरतीतल्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं पण हेच धरलं, लहानपणचं प्रकरण नोकरीच्या आड आणायचं नाही. म्हणजे कागदावर त्या पोराची पाटी कोरी. माझ्याकडं झेरॉक्सला येणाऱ्या एका वकील मॅडमना मी लगेच फोन लावला, त्या म्हणाल्या कायद्यानं ती केस त्याला चिकटून राहूच शकत नाही, बिनधास्त भरा. भरला फॉर्म. पण व्हेरिफिकेशनला जो माणूस येतो तो शेजारीपाजारी पण विचारतो ना. शेजाऱ्यांच्या फोनला कलम ७४ कोण वाचून दाखवणार.

ही झाली एक बाजू, जे झाकायला पाहिजे ते उघडं पडतं. आता दुसरी.

त्या वेळी ह्याची आई मला म्हणाली, भाऊ, तुम्ही चला बरोबर, मला काय तिथलं समजायचं नाही. म्हणून येरवड्याला गेलो. ती कोर्ट शोधत होती. तिला वाटलं मोठी पायरी असेल, काळे कोट असतील, पिंजरा असेल, कारण टीव्हीत तेच बघितलेलं. तसं काही नसतं आणि नसावं असाच नियम आहे. बाल न्याय मंडळ कोर्टाच्या आवारात बसत नाही, निरीक्षणगृहात किंवा त्याच्या जवळपास बसतं (आपण सगळे ज्याला अजून रिमांड होमच म्हणतो ते निरीक्षणगृह), उंच चौथरा नाही, साक्षीदाराचा कठडा नाही, समोरासमोर बसून बोलायचं, पोलीस साध्या कपड्यांत पाहिजेत, पोराला बेड्या घालायच्या नाहीत. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यातली निदान एक बाई. आणि केसशी संबंध नसलेला कुणीही खोलीत थांबायचं नाही. मी संबंध नसलेला, मी बाहेर. योग्यच आहे, मी कोण त्याचा. आई नि पोरगा आत गेले, वीसेक मिनिटांनी बाहेर आले. तिनं मला विचारलं, झालं का? जेल नाही ना? म्हणजे आत बसून आलेल्या बाईला पण नक्की काय झालं ते कळलं नव्हतं, आणि बाहेरच्या माणसाला तर कळायचा प्रश्नच नाही.

मला ह्यात तिथल्या माणसांबद्दल तक्रार करायची नाहीये, त्यांनी तिला पाणी विचारलं, बसायला सांगितलं, कुणी ओरडलं नाही, पोलीस ठाण्यापेक्षा शंभर पटीनं बरं. पण विचार करा, त्या खोलीत रोज एवढ्या पोरांचे निर्णय होतात, कुणाला समज देऊन सोडतात, कुणाला समुपदेशन, कुणाला समाजसेवा, आईबापाला दंड, कुणाला परिविक्षा अधिकाऱ्याच्या (म्हणजे प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली ठेवतात, जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात, आणि सोळा ते अठरा वयाचा असेल नि गुन्हा अतिगंभीर असेल तर त्याला मोठ्यांसारखं चालवायचं का हे पण आधी तिथंच ठरतं. एवढी मोठी ताकद एका खोलीत आहे आणि पुण्यातल्या पन्नास लाख लोकांपैकी कुणालाच सांगता येणार नाही की गेल्या वर्षी गाडीचोरीच्या केसमध्ये साधारण काय करतात, जामीन सहसा मिळतो की नाही मिळत, केस किती महिने चालते. पोराचं नाव लपवलंय म्हणून नव्हे, मंडळाचं कामच कुणाला दिसत नाही म्हणून.

आणि मग एक दिवस येतो १९ मे २०२४.

कल्याणीनगरची केस कुणाला सांगायला नको. रविवारची पहाट, अडीचच्या सुमाराला, पोर्शे गाडी, सतरा वर्षांचा मुलगा, दुचाकीवरचे दोघं जागेवर गेले, दोघंही चोवीस वर्षांचे, मध्य प्रदेशातनं नोकरीला आलेले इंजिनियर. त्याच दिवशी मुलाला मंडळाच्या एका सदस्यानं जामीन दिला आणि अटींमध्ये एक अट, अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. त्या निबंधानं पुणं पेटलं. माझ्या दुकानात आठवडाभर दुसरा विषय नव्हता, लोक यायचे नि म्हणायचे, काका एक निबंध टाइप करून द्या, मी पण कुणाला तरी उडवून येतो. मी पण हसलो, खोटं कशाला बोलू, आणि रागही आला.

पण त्या रागात एक गोष्ट राहून गेली. निबंध ही अट अजब होती की नेहमीची होती हे आपल्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. कसं असणार. त्याआधीच्या वर्षात त्या खोलीतून निघालेले शंभर आदेश, नावं काढून का होईना, कुणी वाचले असते तर सांगता आलं असतं की बाबांनो, वस्तीतल्या पोराला पण असल्याच अटी लावतात, किंवा उलट, नाही, वस्तीतल्या पोराला तीन आठवडे आत ठेवतात आणि ह्याला मात्र पंधरा तासांत सोडलं. ह्या दोन्हींतलं खरं काय ते मोजायला आपल्याकडं मापच नव्हतं. म्हणून प्रत्येकानं आपापल्या मनातलं माप लावलं आणि श्रीमंताला वेगळा न्याय हे वाक्य पक्कं झालं. असेलही खरं. पण ते सिद्ध करता येत नाही आणि खोडताही येत नाही, ही त्याहून वाईट अवस्था.

तसंच कायद्याचं. कलम १२ म्हणतं की मुलाला जामीन द्यायचाच, गुन्हा जामीनपात्र असो की अजामीनपात्र, फक्त तो बाहेर जाऊन वाईट संगतीत पडेल, त्याच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायाचा हेतूच फसेल असं वाटलं तरच नाही. मोठ्या माणसाच्या जामिनाचं गणित वेगळं, हे वेगळं. मंडळ बसलेलं नसेल तेव्हा मुलाला एकट्या सदस्यासमोर हजर करता येतं हे पण कायद्यात आहे, म्हणून रविवारी ते तसं झालं. आणि अतिगंभीर गुन्हा म्हणजे ज्याला कमीत कमी सात वर्षं शिक्षा आहे तो, नुसती जास्तीत जास्त शिक्षा मोठी असून भागत नाही, सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात हे स्पष्ट केलेलं. ह्यातलं काहीही त्या आठवड्यात कुणी आम्हाला सांगितलं नाही. आम्हाला मिळाला निबंध. कारणं लपली आणि निबंध तेवढा बाहेर पडला, तर लोक दुसरं काय करणार?

बरं, राग फुकट गेला असंही नाही. लोकांनी, पत्रकारांनी मान वळवली नाही म्हणून प्रकरण धसाला लागलं, आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं, ससून हॉस्पिटलमध्ये त्याच्या रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपात डॉक्टरांना अटक झाली, मंडळाच्या दोन सदस्यांवर महिला व बालविकास खात्याची चौकशी लागली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनं त्यांना काढलं. मी त्या बाजूनं पण बघतो. तो आदेश बाहेर फुटलाच नसता तर? एकटा सदस्य, रविवार, बंद खोली, आणि आपण सगळे घरी आयपीएल बघत. गुप्ततेच्या बाजूनं जे भांडतात, आणि त्यात मला आदर असलेली बरीच माणसं आहेत, त्यांनी ह्याचं उत्तर द्यायला पाहिजे.

आणि सगळं उघडा म्हणणाऱ्यांनी त्या रॅपच्या व्हिडिओचं उत्तर द्यावं. आठवतंय का, जामीन मिळाल्यावर तो मुलगा शिव्या देत माज करतोय म्हणून एक व्हिडिओ फिरला. माझ्याकडं पण आला, मी पण पुढं ढकलला, आता कबूल करतो. तो मुलगा तो नव्हताच. कुणीतरी भलताच रील करणारा होता. म्हणजे दोन्ही बाजूंनी वाट लागली बघा. कायद्यानं ज्याचं नाव झाकायचं त्याचं सगळ्यांना माहीत, कारण बापाला अटक झाली की बापाचं नाव छापायचं आणि मग मुलाचं वेगळं छापायची गरज काय उरते. आणि ज्याचा काही संबंध नाही त्याच्या तोंडाला काळं. त्यानंतर २५ जून २०२४ ला हायकोर्टानं मुलाला निरीक्षणगृहातनं सोडायला सांगितलं, लोक कितीही संतापले तरी कायदा आहे तसाच लावावा लागेल असा त्या निकालाचा सूर होता. तो निकाल उघड आहे, कुणालाही वाचता येतो, मी वाचला, पटला न पटला हा भाग वेगळा पण कारणं समोर होती. मग जुलै २०२५ मध्ये मंडळानं त्याला सज्ञान समजून खटला चालवायची पोलिसांची मागणी फेटाळली, त्याची मात्र बातमी तेवढी वाचायला मिळाली. शिव्या कशाला पडल्या ते वेगळं सांगायला नको.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की पडदा पोरावर पाहिजे, मंडळावर नको. आपण नेमकं उलटं केलंय.

पडदा मंडळावर पडला की त्याचा त्रास पोरालाच होतो, ही काही माझी कल्पना नाही. अमेरिकेत १९६४ साली अॅरिझोनात गॉल्ट नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला शेजारणीला फोनवर घाणेरडं बोलल्याच्या आरोपावरून उचललं. आईबाप कामावर, त्यांना कळवलं पण नाही. न्यायाधीशाच्या खोलीत सुनावणी, वकील नाही, काय बोललं गेलं ह्याची नोंद नाही, तक्रार करणारी बाई एकदाही आली नाही. आणि निकाल काय, एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृह. हेच मोठ्या माणसानं केलं असतं तर पन्नास डॉलरपर्यंत दंड किंवा दोन महिने. हे सगळं मुलाच्या भल्यासाठी बरं का, घरगुती वातावरण, कोर्टकचेरी नको, गाजावाजा नको. १९६७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं ते उलटवलं आणि सांगितलं की मुलाला पण नोटीस, वकील, साक्षीदाराला प्रश्न विचारायचा हक्क पाहिजे. बंद खोलीत माया असते तशी मनमानी पण असते, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

आपल्याकडं पण तेच. ऐंशीच्या दशकात सोळा वर्षांखालची मुलं देशभरच्या तुरुंगांत मोठ्या कैद्यांबरोबर पडली होती. ते सुप्रीम कोर्टात नेलं शीला बारसे ह्या पत्रकार बाईंनी, १९८६ ची केस. कोर्टाला जिल्हा न्यायाधीशांना सांगावं लागलं की तुरुंगात जाऊन बघा. कुणी परकं माणूस आत डोकावलं म्हणून ती पोरं दिसली. एकाही पोराचं नाव त्यासाठी पेपरात यावं लागलं नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

इंग्लंडमध्ये ह्याचा एक मधला रस्ता १९३३ पासून आहे. तिथल्या मुलांच्या कोर्टात तुम्ही आम्ही जाऊ शकत नाही, पण खऱ्याखुऱ्या वार्ताहराला बसता येतं. त्यानं काय झालं, का झालं, न्यायाधीश काय म्हणाले सगळं लिहावं, फक्त मुलाचं नाव, शाळा, ओळख पटेल असं काही लिहायचं नाही. आपलं कसं झालंय, वार्ताहर खोलीच्या बाहेर आणि पोराचा फोटो पेपरात.

आता ह्यावर मला मॅडम म्हणाल्या (त्याच, झेरॉक्सवाल्या), तुमच्या पुण्यात कुणाला आत घेतलं की संध्याकाळपर्यंत पेठेत बातमी, तुमचा वार्ताहर नाव छापणार नाही पण चहाच्या टपरीवर सांगेल. हे खरं आहे. आणि नाव काढलेले आदेश टाकायचे म्हटलं तरी सोपं नाही. 'पर्वती भागातील सोळा वर्षांचा, दोन साथीदारांपैकी एक सज्ञान, दोन अॅक्टिवा' एवढं लिहिलं तर आमच्या गल्लीला नावाची गरजच नाही, तो टीशर्टच झाला परत. भोर किंवा वेल्ह्यासारख्या ठिकाणी तर वर्षात अशा केसेसच हाताच्या बोटावर, तिथं तारीख दिली तरी पोरगं सापडलं. म्हणून भाग काढा, तारीख काढा, गाडीचा मेक काढा, फक्त गुन्ह्याचा प्रकार, वय, आधी काही होतं का, मंडळानं काय ठरवलं आणि का, एवढं ठेवा, आणि लगेच नको, सहा महिन्यांनी गठ्ठ्यानं टाका म्हणजे कुठला कुणाचा ते लागणार नाही. लैंगिक अत्याचाराच्या केसेसमध्ये वरची कोर्टं नावं झाकून निकाल टाकतातच की. जमतं, मनावर घेतलं तर.

आकड्यांचं तर काहीच अवघड नाही कारण ते गोळा होतातच. मंडळाकडं किती केसेस पडून आहेत ह्याचा दर तीन महिन्यांनी मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी आढावा घ्यायचा असं कायद्याच्या कलम १६ मध्ये लिहिलंय, माहिती कलेक्टरलाही जाते. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवून, किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यात नाही संपली तर ती बंदच होते. मग ते तिमाही कागद वेबसाइटवर टाकायला काय हरकत आहे? त्यात एकाही पोराचं नाव नसतं. किती केसेस चारपेक्षा जास्त महिने, किती पोरं जामीन मिळूनही हमी द्यायला कुणी नाही म्हणून आत, हे कळलं तर त्या पोरांचंच भलं आहे. इथं गुप्ततेनं कुणाचं संरक्षण होतंय ते मला खरंच समजत नाही. म्हणजे समजतं.

आणि आत बसायला वार्ताहर नको असतील तर लॉ कॉलेज रोडवरची पोरं घ्या, लिहून घ्या त्यांच्याकडनं की ओळख फोडली तर कलम ७४, करिअर संपलं. एखाद्या केसमध्ये पोरगं फारच घाबरलेलं असेल, किंवा तेच आधी कुणाच्या अत्याचाराला बळी पडलेलं असेल, तर मंडळानं दार लावावं, तो अधिकार राहू दे. पण दार का लावलं ह्याचं एका ओळीचं कारण लिहावं.

सगळ्यात अडतं ते मात्र एका जागी, आणि तिथं माझं पण नीट ठरलेलं नाही. ज्यांचं माणूस गेलं त्यांचं काय? कल्याणीनगरचे ते दोघं, त्यांचे आईवडील हजार किलोमीटरवर, आणि त्यांना आदेश कळतो टीव्हीवरनं, तुमच्याआमच्याबरोबर. त्यांनी विचारलं की आमच्या पोरांची नावं, फोटो, वय, कंपनी, कुठनं जेवून येत होते सगळं छापलं आणि ज्यानं उडवलं त्याचं नाव घ्यायला गुन्हा, हा कुठला न्याय, तर त्यांच्या तोंडावर मला कलम वाचून दाखवता येणार नाही. तरी मी म्हणेन की त्यांना नावापेक्षा कारणं मिळायला पाहिजेत. कुणीतरी समोर बसवून सांगायला पाहिजे की जामीन का दिला, पुढं काय होणार, तुम्हाला कुठं बोलता येईल. मयताच्या घरच्यांना आदेशाची प्रत आणि समजावून सांगणारा माणूस, हे मंडळाचं कामच असलं पाहिजे, त्यासाठी त्यांना चॅनलच्या माइकसमोर उभं राहायला लागू नये. पण हे सगळं मिळूनही एखादा बाप म्हणाला, मला त्याचं नाव सगळ्यांना सांगायचंय, तर त्याला तू चुकतोयस असं म्हणायची माझी हिंमत नाही. कायद्यानं त्याला नाही म्हणावं लागेल एवढंच. कारण नियम एका मुलासाठी बदलला की तो पोर्शेवाल्यासाठी बदलत नाही, तो अॅक्टिवावाल्यासाठी बदलतो. पोर्शेवाल्याकडं दहा वकील असतात.

कोयता गँगची बातमी आली की ग्रुपवर लगेच सुरू होतं, ह्यांचे चेहरे दाखवा, धिंड काढा, मग बघा सुतासारखे सरळ होतात. मला पण संध्याकाळी आठला दुकान बंद करताना भीती वाटते, कोयता काही वय विचारून लागत नाही. पण रील टाकायला म्हणून कोयता काढणाऱ्या पोराला चेहरा दाखवायचाच असतो हो, तुम्ही त्याची धिंड काढली की त्याच्या फॉलोअरमध्ये भरच पडते. आणि ज्याला लाज वाटते, तो मुकाट मान खाली घालून जातो आणि चार वर्षांनी माझ्या काउंटरवर विचारतो, काका, ह्यात काय टाकू.

त्या फोटोचं मी परवा विचारलं आमच्या ग्रुपच्या अॅडमिनला, माझंच गिऱ्हाईक आहे. म्हटलं तो जुना फोटो काढून टाक ना रे, पोरगं नोकरीला लागतंय. तो म्हणाला, मी केव्हाच उडवलाय, बाकीच्यांच्या फोनमध्ये असेल तर मी काय करू. लगेच गॅलरी उघडून बघितली तर त्याच्या स्वतःच्याच फोनमध्ये निघाला, गणपतीच्या फोटोंच्या मधे. टीशर्टमुळं तिथं जाऊन बसला असेल.

आईला म्हटलं, मंडळाचा कागद आहे का, एक झेरॉक्स काढून जवळ ठेव. तिनं घरी नेलं, तांदळाच्या डब्यातनं प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यातनं कागद, समज देऊन आणि परिविक्षेवर सोडल्याचा, चार घड्या पडलेला. मी म्हटलं, हा कुणाकुणाला दाखवलास? ती म्हणाली, कुणी मागितलाच नाही की भाऊ.